आधी निर्णयाची तारीख, मग नकाशा: राष्ट्रीय हवामान माहिती सेवा जिल्ह्याच्या कामी कशी येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवामानबदलाला तोंड देण्यासाठी देशपातळीवर माहितीची सेवा उभी करायची, तर ती नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती, पाटबंधारे, महापालिका आणि कृषी विभागाच्या रोजच्या कामाला उपयोगी पडेल अशी कशी रचायची? आणि जिल्ह्याच्या आराखड्यासाठी एक सल्लागार संस्था २०५० पर्यंतचे गावनिहाय नकाशे द्यायला तयार आहे, ते घ्यावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातूनच पहिल्याचं उत्तर निघतं. नकाशे घेऊ नका. निदान आत्ता त्यावर पैसे घालू नका.

हवामान खात्याची पावसाची चौकटवार आकडेवारी, म्हणजे नकाशावर सारखे चौकोन आखून प्रत्येकाला दिलेला आकडा, पुण्याहून मिळते. ती १९०१ पासूनची आहे आणि तिची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २८ बाय २६ किलोमीटरची. नागपूर जिल्हा ९,८९२ चौरस किलोमीटरचा. भागाकार करून पाहा, अख्ख्या जिल्ह्यात जेमतेम चौदा चौकटी बसतात. तालुकेही चौदाच आहेत. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या नोंदींतून जे सर्वांत बारीक चित्र हाती लागतं ते साधारण तालुक्याएवढं. तापमानाची चौकट तर एक अंशाची. क्षेत्रफळाने पाहिलं तर तिच्यात आपला पूर्ण जिल्हा मावतो आणि वर जागा उरते. भविष्य सांगणारी जागतिक मॉडेलं याहून ढोबळ. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून दक्षिण आशियासाठी जी प्रादेशिक मॉडेलं चालवली गेली त्यांची चौकट ५० किलोमीटरची होती. आता कुही तालुक्यातल्या एका गावाचा २०५० सालचा पाऊस कुणी मिलीमीटरमध्ये सांगत असेल, तर तो दोन दूरच्या बिंदूंच्या मधल्या जागेत संगणकाने भरलेला रंग आहे. बैठकीत भिंतीवर छान दिसतो. त्यावर नाल्याचं अंदाजपत्रक मात्र करता येत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशे विकणारे सांगत नाहीत. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडचा पाऊस वर-खाली होईल तो मुख्यतः मॉन्सूनच्या स्वतःच्या चढउतारामुळे. उत्सर्जन कमी झालं की जास्त, याचा फरक त्या काळात फारसा दिसत नाही. तो फरक शतकाच्या मध्यानंतर ठळक होतो. तेव्हा पाच वर्षांच्या ग्रामपंचायत आराखड्यासाठी २०५० ची वेगवेगळी चित्रं रंगवणं म्हणजे चुकीच्या दारात उभं राहणं. शंभर वर्षं टिकावं अशा धरणाच्या सांडव्यासाठी मात्र तीच चित्रं लागतात. काम कोणतं, त्यावर माहिती कोणती हे ठरतं. राष्ट्रीय सेवेची मांडणी नेमकी उलट्या बाजूने होते: आपल्याकडे काय तयार आहे ते आधी, आणि कुणाला लागतं ते मग.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की सेवेचं एकक जिल्हा, तालुका किंवा चौकट हे नसावं. एकक निर्णय असावा. कोण घेतो, कोणत्या तारखेला घेतो, आणि कोणता आकडा ओलांडला की तो निर्णय बदलतो. या तीन गोष्टी स्थानिक माणसाने सांगायच्या. तो आकडा किती वेळा ओलांडला गेला आणि पुढे किती वेळा ओलांडला जाईल, हे राष्ट्रीय केंद्राने सांगायचं. बाकी सगळं या दोन वाक्यांच्या मधलं काम.

काटोल-नरखेडची संत्र्याची बाग घ्या. मृग बहार धरायचा तर झाडाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. मग जूनच्या पावसाने ताण तुटतो, झाड फुलतं आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतं. यात दोन गोष्टी बिघडतात. ताण चालू असतानाच मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला तर ताण अर्धवट तुटतो आणि फूट निघते, फूल निघत नाही. किंवा पाऊस लांबला तर ताण इतका वाढतो की झाडच खंगतं, आणि विहिरीत पाणी नसेल तर बागायतदार हात बांधून बसतो. फुलं धरल्यावर जुलैत मोठा खंड पडला की फळगळ.

आता याच एका माणसाचे प्रश्न पाहा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला विचारायचं असतं: येत्या दोन-तीन आठवड्यांत पाऊस यायची शक्यता किती, की मी विहिरीचं उरलेलं पाणी देऊन ताण तोडू? याला हवामान खात्याचा दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज लागतो. जानेवारीत त्याला ठरवायचं असतं: या वर्षी आंबिया (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार) घ्यायचा की मृगासाठी थांबायचं? त्याला कोणताही अंदाज पुरणार नाही. त्याला जुन्या नोंदी लागतात: गेल्या तीस वर्षांत १ ते २० जून या काळात नरखेडला किती वर्षी पुरेसा पाऊस झाला, मेमध्ये किती वर्षी अवकाळी झाला, जुलैत पंधरा दिवसांचा खंड किती वर्षी पडला. आणि नवी कलमं लावायची असतील तर प्रश्न तिसराच. बाग वीस वर्षं उभी राहणार. तोवर मृग बहार या पट्ट्यात भरवशाचा राहील का? इथे, आणि फक्त इथे, हवामानबदलाची मॉडेलं कामाला येतात, आणि तीही एका आकड्यात उत्तर देत नाहीत; इथपासून तिथपर्यंत असा पट्टा देतात.

एका बागायतदाराने एकदा मला तोंडावर विचारलं होतं, "साहेब, तुमच्या कागदावर जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या ९६ टक्के लिहिला हाय. माझ्या वावरात मृगात पडंल का ते सांगा ना." त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. हंगामाची बेरीज आणि हंगामातल्या तारखा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या इथलं नुकसान बहुतेक वेळा तारखांमुळे होतं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाची बेरीज मात्र सरासरीच्या ९४ टक्क्यांवर आली. बेरजेवरून कुणाला कळणार की सोयाबीन शेंगा भरायच्या वेळी पाण्यावाचून उभं होतं?

याच बेरजेचा दुसरा अवतार शहरात भेटतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली, कॉर्पोरेशन कॉलनीपासून मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत पाणी झालं, माणसं गेली. सोनेगावच्या हवामान केंद्रावर त्या पहाटे साडेपाचपर्यंत १०६ मिलीमीटर नोंदले गेले. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे 'जोरदार' पाऊस. त्याच्या वर 'अति जोरदार', आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. म्हणजे शहर बुडवणारा तो पाऊस या तीन पायऱ्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर बसतो. कारण वर्गवारी चोवीस तासांची आहे, सकाळी साडेआठ ते साडेआठ. पाणी मात्र काही तासांत आलं. नाल्याच्या पाइपाला चोवीस तासांचं देणंघेणं नाही, त्याला अर्ध्या तासात किती पडलं हे कळतं.

म्हणून महापालिकेच्या अभियंत्याला लागतो तो तीव्रता, कालावधी आणि वारंवारिता यांचा तक्ता: १५ मिनिटं, ३० मिनिटं, तास, तीन तास, दोन, पाच, दहा, पंचवीस वर्षांतून एकदा. हा तक्ता काढायला तासाच्या किंवा त्याहून बारीक नोंदी लागतात आणि त्या अनेक वर्षांच्या लागतात. एकट्या महापालिकेला हे जमणारं नाही. राष्ट्रीय सेवेने हे काम आधी हातात घ्यायला हवं, गावनिहाय नकाशांच्या किती तरी आधी. आणि तक्ता काढून संकेतस्थळावर टाकून भागत नाही. तुम्ही जिल्हा परिषदेत आहात, तुम्हाला ठाऊक आहे: तांत्रिक मान्यता देणारा साहेब पुस्तकातला आकडा मागतो. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयाची पर्जन्यजल निचऱ्याची नियमपुस्तिका २०१९ ची आहे. नवा तक्ता तिच्यात किंवा तिच्या पुरवणीत आला तर त्याच आठवड्यात अंदाजपत्रकात उतरतो. आला नाही, तर तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी लेखापरीक्षणाचा आक्षेप ओढवून घ्यायला कोणी तयार होत नाही. हवामान सेवेच्या चर्चांत मला हा मुद्दा क्वचितच ऐकू येतो, आणि अर्धं घोडं इथेच अडतं.

उष्णतेचं थोडं वेगळं आहे. इथे नागपूर मागे नाही. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा केला, आणि नागपूरने २०१६ मध्ये. पण पातळ्या कोणत्या धरायच्या? हवामान खात्याचा निकष असा: मैदानी भागात पारा चाळीशी गाठलेला असेल आणि सरासरीहून साडेचार अंश वर असेल तर उष्णतेची लाट, किंवा सरासरी काहीही असो, ४५ झाला की लाट आणि ४७ झाला की तीव्र लाट. नागपूरची मेमधली कमाल सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात. सरासरीहून साडेचार अंश वर म्हणजे ४७ च्या पुढे. इथला आजवरचा उच्चांक ४७.९ आहे, २३ मे २०१३ चा. म्हणजे पहिला निकष आपल्याकडे मेमध्ये जवळपास लागतच नाही, सगळी भिस्त ४५ वर. पण माणूस ४५ ला आजारी पडतो का? मेअखेरच्या नवतपात, सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, सगळेच सावध असतात, दुपट्टा, कांदा, पन्हं, दुपारी बाजार बंद. माझ्या मते खरी गोची जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होते. पारा बेचाळीसवर उतरलेला, पण हवेत दमटपणा आलेला. कूलर नुसता ओली हवा फेकतो, रात्र थंड होत नाही, आणि टिनाच्या घरातलं म्हातारं माणूस सलग चौथ्या रात्री झोपलेलं नसतं. कमाल तापमानावर बांधलेल्या आराखड्यात तो दिवस पिवळ्या इशाऱ्यातही येत नाही.

हे माझं मत बरोबर की चूक, हे ठरवायला लागणारी माहिती नागपुरातच आहे. रोजची तापमानं आणि आर्द्रता सोनेगावला, मृत्यूंची नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, आणि दाखल रुग्णांची मेयो-मेडिकल या सरकारी रुग्णालयांत. अहमदाबादच्या कामात हीच जोडणी झाली होती: सर्व कारणांनी होणारे रोजचे मृत्यू आणि त्या दिवसांचं तापमान. 'उष्माघात' असं लिहिलेले दाखले मोजून काही कळत नाही. बहुतेक दाखल्यांवर हृदयविकार लिहिलेला असतो. अशी जोडणी प्रत्येक शहराने आपल्या नोंदींवर करायची, तिची पद्धत आणि सॉफ्टवेअर मात्र राष्ट्रीय सेवेने एकदाच तयार करून द्यायचं. रोजगार हमीच्या कामाच्या वेळा, रामटेक-पारशिवनीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची सकाळ, शाळांच्या तारखा, हे सगळं त्या एका आलेखावर उभं राहील.

आता मोजमापाबद्दल. ३० मे २०२४ आठवतो ना? रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने ५४. देशभर बातमी झाली. त्याच दिवशी खापरी आणि रामटेकची केंद्रं ४४ च्या आसपास होती. हवामान खात्याने नंतर सांगितलं की संवेदकात बिघाड होता. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ चं असंच झालं होतं. तिथे तीन अंशांची चूक निघाली. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हे. ५६ चुकला की कोणालाही कळतं. दीड अंशाने चुकणारं केंद्र मात्र वर्षानुवर्षं चुकत राहतं आणि त्याच्या नोंदी आराखड्यात जातात.

पावसाचं तर विचारूच नका, कारण त्याला पैसा चिकटलेला आहे. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय सुमारे दोन हजार स्वयंचलित केंद्रं बसली. एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटर नोंदले गेले की अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. फळपीक विमाही याच केंद्रांच्या आकड्यांवर चालतो. मंडळ म्हणजे वीसेक गावं, आणि जुलैचा पाऊस कसा पडतो ते आपण पाहतोच: धुऱ्याच्या इकडे चिखल आणि तिकडे धूळ. केंद्रावर ६३ आणि चार किलोमीटरवरच्या वावरात पाण्याचा डोह, असं झालं की शेतकऱ्याचा सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो, अंदाजावरचाही. त्यात केंद्राची देखभाल. पाऊस मोजणाऱ्या नळकांड्याच्या तोंडाशी पाला अडकलेला, कधी आत मुंग्यांचं घर. बाजूला लावलेलं कडुनिंबाचं रोप पाच वर्षांत छपराएवढं झालेलं. अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावं हा साधा नियम. केंद्र बसवताना पाळलेला असतो, झाड वाढतं त्याचं काय?

दुसरी अडचण, ही केंद्रं फार तर आठ-दहा वर्षांची आहेत. सामान्य मान काढायला किमान तीस वर्षं लागतात. पावसासाठी हवामान खातं १९७१ ते २०२० वापरतं. म्हणजे लांबी जुन्या तहसीलच्या पर्जन्यमापकात आहे आणि दाटी नव्या केंद्रांत. दोन्ही एकत्र गुंफायच्या, शंकास्पद नोंदींना खूण करायची, आणि खूण केलेली दिसेल अशीच आकडेवारी खुली करायची. हे कंटाळवाणं काम आहे, याचं उद्घाटन करता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मिशन मौसम या केंद्राच्या हवामान योजनेला दोन वर्षांसाठी २,००० कोटी मिळाले. त्यात रडार, उपग्रह, महासंगणक यांचा बोलबाला साहजिक आहे. मे २०२५ पासून सहा किलोमीटर चौकटीचं भारत अंदाज मॉडेलही चालू झालं. चांगलंच आहे. पण मॉडेलची चौकट बारीक झाली म्हणून अंदाज तेवढाच अचूक झाला असं होत नाही. तो तपासायला जमिनीवरचं नळकांडं स्वच्छ असावं लागतं.

नागपूरकरांना एक गोष्ट विशेष लागू आहे. सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र, अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, त्याच रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, वर्धा रोडकडे केंद्रीय कापूस संशोधन संस्था, शहरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, व्हीएनआयटीच्या आवारात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, शिवाय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय. ऑटोने एका दिवसात सगळी फिरून होतील. पाऊस, माती, पीक, पाणी, उपग्रहाची चित्रं, एका अनुकूलन आराखड्याला लागणारं जवळपास सगळं याच शहरात आहे. ते एका टेबलावर मात्र येत नाही. प्रत्येकाची चौकट वेगळी, गावांचे सांकेतांक वेगळे, माहिती देण्याचे नियम वेगळे. राष्ट्रीय सेवेची पहिली प्रयोगशाळा दिल्लीत न करता इथे करावी असं मी गेली कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगतो, कारण इथे 'समन्वय' हा शब्द खरोखर पायी चालून तपासता येतो.

मग राष्ट्रीय पातळीवर काय ठेवायचं? जिनिव्हात २००९ च्या जागतिक हवामान परिषदेत हवामान सेवांच्या जागतिक चौकटीची कल्पना मांडली गेली, तिने पाच क्षेत्रं धरली: शेती, पाणी, आरोग्य, आपत्ती आणि ऊर्जा. स्वित्झर्लंडने २०१५ मध्ये राष्ट्रीय केंद्र काढलं आणि वेगवेगळ्या खात्यांना एका छत्राखाली आणलं. त्यातून घ्यायचं ते छत्र. सगळ्या खात्यांना भविष्याचा एकच संच मिळावा. नाही तर जलसंपदा एक मॉडेल धरते, ग्रामविकास दुसरं, आणि एकाच नदीवरचा पूल आणि बंधारा दोन वेगवेगळ्या भविष्यांसाठी बांधले जातात. हवामान खात्याचा पुण्याहून २०२२ मध्ये निघालेला आपत्ती आणि असुरक्षिततेचा जिल्हानिहाय ॲटलास ही चांगली सुरुवात आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधान्य ठरवायला तो पुरतो, जिल्ह्याच्या आत नाही, आणि त्याचा तसा दावाही नाही.

राष्ट्रीय सेवा लागतेच, हे पटवायला पेंचचं उदाहरण पुरे. नागपूर शहराचं बरंचसं पाणी पेंच नदीवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांतून येतं, पाऊस मात्र मध्य प्रदेशात पडतो, छिंदवाडा-सिवनीकडे. वर चौराईचं धरण झालं, त्यात २०१९ चा पाऊस लांबला आणि ऐन जुलैत शहरात दिवसाआड पाणी द्यावं लागलं. धरणातल्या पाण्याचं आरक्षण १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरतं. त्या दिवशी पुढच्या मॉन्सूनचा अंदाज कोणाकडेच नसतो आणि मागायचाही नाही. विचारायचं ते हे: पेंचच्या खोऱ्यात पहिला भरवशाचा येवा (धरणात येणारं पाणी) गेल्या पन्नास वर्षांत किती वेळा १५ जुलैच्या पुढे गेला, आणि तो प्रकार वाढतो आहे का? उत्तरावर ठरेल की पिण्याचं पाणी कोणत्या तारखेपर्यंत राखायचं. या उत्तरासाठी दोन राज्यांचे पर्जन्यमापक, दोन राज्यांचे धरणसाठे लागतात. जिल्हाधिकारी ते गोळा करू शकत नाहीत. पूर्वेकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांना मात्र यातलं काही नको. त्यांचं पाणलोट क्षेत्र गावातच, निर्णय गावाचा. त्यांना गावातला एक नीट मापक आणि तलावाच्या भिंतीवर रंगवलेली पट्टी पुरते.

मधल्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा शेतकऱ्यांसाठीचा सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रं होती, तिथे एक हवामानतज्ज्ञ बसायचा. देशभरातली अशी १९९ केंद्रं मार्च २०२४ मध्ये बंद झाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू झाले, ई-ग्रामस्वराज आणि मेरी पंचायत या सरकारी पोर्टल-ॲपवर दिसतात. अंदाज गावापर्यंत आला आणि तो समजावणारा माणूस जिल्ह्यातून गेला. ॲपची माझी तक्रार नाही. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी मी स्वतः लोकांच्या फोनवर टाकून देतो. पण 'वाऱ्याचा वेग ताशी १८ किलोमीटर' याचा अर्थ 'आज कपाशीवर फवारणी नको, उद्या सकाळी करा' असा लावायला पीक माहीत असलेला माणूस लागतो. आणि उलट दिशेने, पेरणी वाया का गेली हे वर कळवायलाही तोच. राष्ट्रीय सेवेच्या अंदाजपत्रकात या माणसाचा पगार नसेल तर बाकीचे आकडे वाचू नका.

त्याने शिकवायची मुख्य गोष्ट म्हणजे शक्यता वापरणं. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. तरी मृगाच्या पहिल्या सरीला पेरलं जातं आणि दुबार पेरणी येते. शेतकऱ्याला शक्यता कळत नाही असं साहेब लोक म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. जो माणूस दरवर्षी कापसाच्या भावावर डाव लावतो त्याला शक्यता शिकवायची नसते, आकडा द्यायचा असतो. समजा, आठ दिवस थांबल्याने एकरी उत्पन्नात ३,००० रुपयांचा तोटा होतो आणि पेरून खंड पडला तर दुबारचा खर्च १२,००० येतो. तीन भागिले बारा, म्हणजे पाव. खंडाची शक्यता पंचवीस टक्क्यांहून जास्त असेल तर थांबणं फायद्याचं, कमी असेल तर पेरा. हिशेब ढोबळ आहे, ज्याच्याकडे ओलिताची सोय आहे त्याचा आकडा वेगळा येईल. म्हणून तर 'पाऊस होण्याची शक्यता आहे' एवढंच लिहिलेला सल्ला निरुपयोगी. त्यात टक्का हवा, आणि मागच्या वर्षी साठ टक्के म्हटलं होतं तेव्हा खरोखर किती वेळा पाऊस आला याचा तक्ता त्याच पानावर हवा. चुकलेले अंदाज लपवणाऱ्या खात्यावर गाव विश्वास ठेवत नाही.

तुमच्या आराखड्यासाठी आता काय करावं? करारात अजून बदल करता येत असेल तर संस्थेकडून नकाशांच्या जागी तालुकानिहाय जुन्या नोंदींचं विश्लेषण मागा: पावसाच्या खंडांची वारंवारिता, पहिल्या पेरणीयोग्य पावसाची तारीख, दमट उष्ण रात्री, आणि जिथे नोंदी आहेत तिथे तासाच्या पावसाची तीव्रता. चौकटवार आकडेवारी पुण्याच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. केंद्रनिहाय नोंदींसाठी तिथल्या राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्राकडे रीतसर अर्ज करा. भविष्यासाठी एकच परिच्छेद पुरेल, तोही पट्ट्यात: उष्णता वाढणार याची खात्री जास्त, मुसळधार पावसाचे दिवस वाढणार याची बऱ्यापैकी, हंगामाच्या एकूण पावसाबद्दल कमी. खात्यांची बैठक बोलवाल तेव्हा सादरीकरण ठेवू नका. प्रत्येक खात्याला कोरा कागद द्या आणि वर्षभरात हवामानावर अवलंबून असणारे त्यांचे निर्णय तारखांसह लिहायला सांगा. पहिल्या तासात फारसं काही निघत नाही. चहानंतर निघतं.

आणि मे संपायच्या आत जिल्ह्यातली मंडळांची केंद्रं स्वतः पाहून या. सोबत मोजपट्टी न्या. मापकापासून झाडाचं, भिंतीचं अंतर आणि उंची लिहा, नळकांड्याच्या तोंडात डोकावा, चारही दिशांचे फोटो तारखेसह काढा. ती यादी सोनेगावला आणि जिल्हा कृषी अधीक्षकांकडे द्या, पोच घ्या, आणि पंधरा जूनला पुन्हा विचारा.